शेळीच्या शिंगांना कंदील

हे कुणालाच खरं वाटणार नाही. ज्याला वाटेल त्याच्याशी मी पुन्हा बोलणार नाही, कारण इतक्या भोळ्या माणसाला काही सांगण्यात मजा नसते. पण घडलं ते असं.

आमच्या घरी एका जुन्या सिनेमाची कॅसेट आहे. काळा-पांढरा, दीपगृहाचा सिनेमा. मुलं लहान असताना एकदा व्हीसीआरनं ती चावली. मशीनच्या तोंडातून फितीचं भेंडोळं लोंबायला लागलं. माझ्या थोरल्याची बोटं तेव्हापासूनच शिवशिवायची. पुढे तो घड्याळं दुरुस्त करायला लागला, त्यात नवल नाही. त्यानं चुरगळलेला भाग कात्रीनं कापला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि कॅसेट परत आत सरकवली. चालली की झकास! फक्त सिनेमातला एक तुकडा केराच्या टोपलीत गेला.

तो तुकडा कुठला, ते ऐका. वादळी रात्र. नायक दीपगृहाच्या दारावर धडका मारतोय. दार फटीएवढं उघडतं, आतून नायिका विचारते, “तुम्ही? आत्ता?” आणि खट्! एकदम लख्ख ऊन. नायक होडीत बसलाय, नखशिखांत भिजलेला, उजवा हात गळ्यात बांधलेला आणि डाव्या काखेत शेळी. शेजारी नायिका, तिच्या बोटात अंगठी. म्हणजे भांडण, समजूत, प्रेम, लग्न, शेळी, जे काही बघण्यासारखं होतं ते सगळं नेमकं त्या भेंडोळ्यात गेलं होतं.

मुलं रडकुंडीला आली. “बाबा, शेळी कुठून आली?” आता बापानं काय करायचं? मी उठलो, टीव्हीसमोर उभा राहिलो आणि शेळी कुठून आली ते सांगितलं.

त्या दिवशी मला जे सुचलं ते असं, की वादळात दीपगृहाचा दिवा विझला आणि समोरून जहाज खडकावर येत होतं. नायिकेनं पाळलेली शेळी होती. नायकानं तिच्या शिंगांना कंदील बांधला आणि वरच्या सज्जात तिला गोल गोल पळवली. जहाजावरच्या लोकांना वाटलं, दिवा फिरतोय. जहाज वाचलं. शेळीला मात्र शिंक आली, नायक दचकून कठड्यावरून समुद्रात पडला, हात मोडला, आणि नायिकेनं वरून दोरी टाकताना खाली पडलेल्या नायकाला सांगितलं, “लग्न करणार असाल तर ओढते.”

तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. दीपगृहाचा सिनेमा लागला, “तुम्ही? आत्ता?” झालं, की कुणीतरी बटण दाबून चित्र थांबवायचं आणि मी उठायचं. मग सिनेमा पुढे. पाहुणे असोत, शेजारी असोत, त्यात बदल नाही. थोरल्याची मुलगी लहान असताना मैत्रिणीकडे सिनेमा बघायला गेली आणि अर्धा सिनेमा झाल्यावर कावरीबावरी होऊन त्या घरच्या बाईंना विचारती झाली, “तुमच्याकडचे आजोबा कधी उठतात?” तिला वाटायचं, सगळ्याच सिनेमांत मध्ये एक म्हातारा उठतो.

माझं केस कापायचं दुकान होतं. माणूस खुर्चीत बसला, गळ्यात कापड बांधलं आणि मानेपाशी वस्तरा आला की तो गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये शंका काढत नाही. दुकान पुतण्याकडे दिल्यापासून तसा ऐकणारा मिळत नाही. घरात मी बोलायला लागलो की कुणाला तरी फोन येतो, कुणाचं दूध उतू जातं. तेवढा एक तुकडा सोडून. तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघतात. एरवी मला गप्प करणारी बायकोसुद्धा.

आणि अशात थोरला एका संध्याकाळी म्हणाला, “बाबा, दीपगृहाची डिस्क आलीय. नवी. मूळ प्रतीवरून स्वच्छ करून काढलीय. वर लिहिलंय, संपूर्ण, अखंड.”

अखंड! तुम्हाला सांगतो, मी हातातली बशी खाली ठेवली.

“कशाला हवीय?” मी म्हणालो. “कॅसेट आहे ना.”

“कॅसेटमध्ये आता बर्फ पडतो नुसता. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.”

“तसं खऱ्या समुद्रावरही कळत नाही.”

“आवाज तर असा येतो, जणू सगळे उशीत तोंड घालून बोलताहेत.”

“वादळात आवाज असाच येतो. तू किती वादळं बघितलीस?”

मी नेट लावला. म्हटलं, ही जुन्या सिनेमांची स्वच्छता म्हणजे फसवणूक असते. चेहरे घासून घासून मेणाचे करतात. पावसाच्या रेघांना ओरखडे समजून पाऊसच पुसून टाकतात, मग नायक कोरड्या हवेत निथळत उभा! आणि चित्र फार स्पष्ट झालं की नको ते दिसतं. समुद्र म्हणजे रंगवलेला पडदा आहे हे दिसतं, मिशी डिंकानं लावलीय हे दिसतं. कॅसेटनं सगळ्यांची अब्रू झाकून ठेवलीय, ती कशाला उघडी पाडता?

थोरल्यानं हात टेकले. पण बायकोनं नाही. ती शिवणकाम करते, आणि मशीनवरची मान वर न करता तिनं विचारलं, “कॉलर दिसेल का?”

आता ही कॉलर म्हणजे नायिकेच्या कोटाची. गेली कित्येक वर्षं आमची ही त्या कोटासारखे कोट शिवून देते. गिऱ्हाइकं खूश असतात, पण तिच्या मनातली खुटखुट जात नाही, की कॉलर मखमलीची होती की साध्या लोकरीची? कॅसेटमध्ये ती एक काळी पट्टी दिसते, बस्स. नुकतंच तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. नव्या डोळ्यांनी ती घरातले कोपरे बघत हिंडत होती आणि रोज मला माझ्याच शर्टावरचे डाग दाखवत होती.

“कॉलरसाठी अख्खी डिस्क घ्यायची?” मी म्हणालो.

तिनं मशीन थांबवलं. “तुम्हाला सिनेमाची काळजी नाहीये. आपण कधी उठायचं, ही काळजी आहे.”

थोरला हसला. मी चष्मा पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्याच्यावर.

“बरं, असं करा,” ती जरा मवाळ होऊन म्हणाली, “तुम्हीच दुकानात जा. बघा. घेण्यासारखी असली तर घ्या, नसली तर राहू दे. तुम्ही ठरवाल ते.”

हा बायकोचा डाव मला चांगला ठाऊक आहे. नाही म्हणायचं स्वातंत्र्य देऊन टाकते आणि मग मशीन चालवत बसते.

रविवारी सकाळी गेलो. नेमकी त्याच दिवशी धाकटी आणि नवे जावईबापू जेवायला यायचे होते. जावईबापू गुरांचे डॉक्टर आहेत, स्वभावानं गरीब. मी काहीही सांगितलं तरी “हो बाबा” म्हणतात. मी परत आलो तेव्हा मंडळी बाहेरच्या खोलीत जमलेलीच होती. चपला काढताना हातातली कापडी पिशवी मी जावईबापूंकडे दिली. “धरा जरा,” म्हटलं. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि मी आरामखुर्चीत बसलो.

“आणली?” थोरल्यानं विचारलं.

“आणली. पण आधी काय झालं ते ऐका. खरं वाटणार नाही तुम्हाला.”

“वाटेल बाबा,” जावईबापू म्हणाले.

“डिस्कवाल्याचं दुकान म्हणजे किल्ल्या बनवणारा आणि बूट शिवणारा यांच्यामध्ये घुसवलेली एक फट. आत एक माणूस मावतो आणि तो तोच. मी म्हटलं, जुना सिनेमा आहे, बघितल्याशिवाय घेणार नाही. तो म्हणाला, काका, नुसतं एखादं दृश्य बघा. मी म्हटलं, पैसे अख्ख्या सिनेमाचे घेणार आणि दाखवणार एक दृश्य? लाव सगळा! त्यानं स्टूल दिलं. मी बसलो. काय चित्र, काय चित्र! लाटेवरचा फेस मोजून घ्यावा. पाऊस थेंबन् थेंब जागेवर. चेहऱ्यावर सुरकुत्या शाबूत. आवाज असा, की दारावर धडका पडल्या तसा शेजारचा किल्लीवाला बघायला आला, कोण कुलूप तोडतंय म्हणून.”

“आणि तो तुकडा?” धाकटीनं विचारलं. तिनं खुर्ची पुढे ओढली होती.

“आलो तिथेच. ‘तुम्ही? आत्ता?’ झालं. सवयीनं मी उठलो. पण चित्र थांबेना! पुढे चाललं. मी आपला उभाच. दार उघडलं, नायक आत गेला, आणि वर दिवा... विझला.”

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

“समोरून जहाज,” मी आवाज खाली आणला. “आणि कोपऱ्यात शेळी.”

“शक्य नाही,” थोरला म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं. पण त्यानं कंदील काढला. शेळीच्या शिंगांना बांधला. आणि सज्जात, ह्या डोळ्यांनी बघितलं, गोल, गोल, गोल!”

“बाबा, ते तुम्ही रचलेलं होतं!”

“तेच तर! मी रचलं असं मीही आजवर समजत होतो. पण माणूस जे रचतो ते कुठेतरी घडलेलंच असतं, मला आज कळलं. शिंकसुद्धा होती. तीच, तशीच. बूट शिवणारा बाहेरून म्हणाला, कुणाला सर्दी झालीय? दुकानापुढे ही गर्दी. आणि दोरी टाकून नायिका म्हणाली, ‘लग्न करणार असाल तर...’ तेव्हा मी तिच्या आधी वाक्य पुरं केलं. डिस्कवाला माझे पाय धरायला वाकला. म्हणाला, काका, हा सिनेमा तुम्ही लिहिलात का?”

धाकटी हसून हसून जावयांच्या खांद्यावर टेकली. थोरल्यानं डोक्याला हात लावला. जावईबापू मात्र गंभीर होते.

“शेळी कुठली होती, बाबा? म्हणजे शिंगं मागे वळलेली की सरळ?”

“सरळ. वळलेल्या शिंगांवर कंदील टिकेल का, डॉक्टर?”

“हो बाबा. नाही टिकणार.”

“तर सांगायचं काय, डिस्क घेण्यासारखी आहे. मी मागे बोललो ते परत घेतो. पण तो तुकडा बघायची गरज नाही, कारण तो आपण बघितलाय. शिवाय त्यात नायक घशातून बोलतो, कंटाळा येतो. तिथे आपलं बटण दाबायचं, मी उठेन, सांगेन, मग पुढे चालू. त्यांच्यापेक्षा माझा आवाज बरा आहे.”

बायको पदराला हात पुसत नव्हती की टोमणा मारत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, त्या नव्या डोळ्यांनी.

“आणि कॉलर?” तिनं विचारलं. “कॉलर कसली होती?”

आता हा पेच होता. मखमल म्हणावं तर, लोकर म्हणावं तर.

“ते मी नाही बघितलं,” मी म्हणालो. “कॉलर आली तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. ती तू बघायचीस. त्यासाठीच तर आणली.”

ती आत गेली आणि येताना माझ्यासाठी चहा घेऊन आली, न मागता. असं आमच्याकडे रोज होत नाही. धाकटी टीव्हीचा रिमोट शोधायला लागली, थोरल्यानं पडदे ओढले. मी चहाचा घोट घेतला आणि इतकं छान वाटलं म्हणून सांगू, की तिथेच थांबायला हवं होतं. पण गोष्ट नीट बसली की तिच्यावर शेवटचा हात फिरवल्याशिवाय मला राहवत नाही. केस कापून झाल्यावरही मी मानेवर ब्रश फिरवतोच.

“आणि ही दुसरी कुठली नाही बरं का,” मी म्हणालो. “हीच डिस्क. ह्याच डब्यातून त्यानं काढली, लावली, संपल्यावर परत ह्याच डब्यात ठेवली, माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा असतील तिच्यावर.”

जावईबापूंनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला. डबा बाहेर काढला. खिडकीच्या उजेडात धरून पुढून बघितला, मागून बघितला, कडेवरून नख फिरवलं. आजारी जनावर तपासावं तसा. मग माझ्याकडे बघून, जन्मात पहिल्यांदा “हो” न म्हणता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते बोलले:

“बाबा, पण ह्याच्यावरचं प्लास्टिक तर अजून फोडलेलंच नाही!”