मोजणीतली बाई

"साहेब आला, त्याच्या आधी जंगल कुणी मोजलं नव्हतं," मावशीने माइकजवळ तोंड नेऊन सुरुवात केली आणि लगेच खोकली.

"पुन्हा," भाची म्हणाली.

"घसा आहे गं माझा, नळ नाही."

भाचीने हसून रेकॉर्डर थांबवला. भाचीचं प्रदर्शन उद्या उघडणार होतं. दालनाच्या भिंतींना दिलेल्या ताज्या रंगाचा वास डोक्यात जात होता आणि मधोमध रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर उभे केले होते, बाईच्या उंचीचे. भंगारातून आणून भाचीने ते कोरले होते. कुणाला खांदा दिला होता, कुणाला मानेचा बाक, कुणाला नुसती पाठ. चेहरा एकालाही नव्हता. प्रत्येकावर लोखंडी पत्र्याचा एक नंबर ठोकलेला. गोऱ्या साहेबाने जंगल मोजलं, झाडांना असेच नंबर ठोकले आणि रुळांखाली घालायला तोडून नेलं. तेच लाकूड आता पुन्हा उभं राहिलंय, असं भाची येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत असे. मावशीला ते पटायचं. त्या लाकडांमधून एकटीने चालायला मात्र तिला नको वाटायचं.

मावशीचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेला होता. आवाज अजून खणखणीत. तेव्हा या लाकडांची गोष्ट मावशीच्याच आवाजात दालनात ऐकू यायला हवी, असा भाचीचा हट्ट होता. त्यात गोष्टही मावशीचीच.

दारावरच्या फलकाकडे बोट करून मावशी म्हणाली, "जुनी वनकथा म्हणे! जुनी कसली? माझ्याहून लहान आहे ती."

"लोककथा लोकच रचतात ना? मग तू लोक नाहीस?"

"मी एकटीच लोक? बरं झालं बाई, निदान एवढी तरी बढती मिळाली."

ही गोष्ट मावशीने स्वयंपाकघरात भांडी घासता घासता रचली होती. धाकट्या बहिणीचा नवरा वारला होता, आणि एक दिवस बहीणही पाच वर्षांच्या पोरीला मावशीकडे ठेवून एका माणसाबरोबर निघून गेली. पोर मोरीशी येऊन उभी राहिली आणि आई कुठंय म्हणाली. तिला काय सांगणार, कपाळ! मावशीने गोष्ट सांगून वेळ मारून नेली. साहेब झाडं मोजायला आला, तेव्हा एक बाई झाडांत उभी होती. ती भीतीने हललीच नाही. साहेबाने तिलाही झाड समजून मोजलं. एकदा मोजणीत आल्यावर घरी जाणार कशी? साहेबाची मोजणी कमी पडून चालत नाही.

"तुझी आई मोजणीत गेलीय," मावशी म्हणाली. पोरीने मान डोलावली आणि ती मुकाट्याने दूध प्यायली.

थाप इतकी सहज पचली की मावशीच चकित झाली. पुढे घरात तो शब्दच रुळला. भाची मोठी झाली तसं तिला खरं कळलं. आई वारल्याचं समजलं तेव्हा दोघी मिळून ती राहायची त्या गावी जाऊनही आल्या. आता दोघींत लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, एक दुपार सोडली तर. भाची तिसरीत असताना बहीण फाटकाशी आली होती. मावशीने तिला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. पोर आत्ता कुठं न रडता झोपायला लागलीय, असं ती तेव्हा बहिणीला म्हणाली आणि ते खोटं नव्हतं. पण त्याहून खरं कारण वेगळं होतं. पोर आता तिची झाली होती, आणि ती कुणालाही द्यायची तिची तयारी नव्हती. बहीण पुन्हा कधी आली नाही. त्या दुपारबद्दल मावशी कुणापाशी अवाक्षर बोलली नव्हती.

"चल, घे," भाची म्हणाली.

या वेळी मावशी न अडखळता बोलत गेली. जंगल आलं, साहेब आला, बाई उभी राहिली. आणि मग मावशी म्हणाली, "एके दिवशी साहेब आपल्या देशी निघून गेला. बाईने अंगावरचा नंबर उपटून टाकला आणि ती घरी आली."

भाचीने रेकॉर्डर बंद केला. "हे कुठून आणलंस? ती घरी येत नाही."

"येऊ दे की. किती वर्षं उभी ठेवायची बिचारीला?"

"आणि एक वाक्य गाळलंस. एक बाई मोजणीतून निघाली, तर तिच्या घरातल्या दुसरीला तिथं उभं राहावं लागतं."

"असं मी म्हटलं होतं?"

"म्हटलं होतंस."

मावशीला हळूहळू आठवलं. पोर रोज चपला घालून दाराशी यायची, आईला आणायला निघालेय म्हणायची. तिला घरात बसवायला काहीतरी हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अगं, ते मी तुला अडवायला म्हटलं होतं. त्याला काही अर्थ नाही. गाळून टाक."

"गाळून कसं चालेल? सगळं त्या वाक्यावरच तर उभं आहे." भाची माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "मावशी, आई एकदा आली होती ना? मी तिसरीत होते तेव्हा."

मावशीने माइक बाजूला सारला.

"मी वरच्या खिडकीत होते. पडद्यामागे. बघताक्षणी ओळखलं तिला. हाक मारणार होते. मग वाटलं, ती घरात आली तर मोजणी कमी पडेल. मग तुला जावं लागेल. घरात दुसरं होतंच कोण? म्हणून ती जाईपर्यंत तोंड दाबून बसले."

तिने वायरचा वेढा सोडून पुन्हा बोटाला घातला.

"मी हाक मारली असती तर ती थांबली असती," भाची म्हणाली. "एवढी लाकडं कोरली, पण ते काही जात नाही मनातून."

नऊ वर्षांच्या पोरीने आईच्या आणि मावशीच्या मधून मावशीला निवडलं होतं. हे ऐकायला मावशी जन्मभर आसुसली होती, आणि ऐकलं तेव्हा तिला ते नकोसं झालं. आता नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं. पोरीने सगळा दोष आपणहून अंगावर घेतलाच होता.

"तू हाक मारली असतीस तरी ती आत आली नसती," मावशी म्हणाली.

"कशावरून?"

"फाटकात मी उभी होते. मीच तिला परत पाठवलं."

भाचीने वायर हातातून सोडली. उठून ती लाकडांमध्ये गेली आणि एकीच्या खांद्याला टेकून पाठमोरी उभी राहिली. मावशीला वाटलं, आता ही निघून जाईल. जावं तिने. तिचा हक्क आहे.

"काय म्हणाली होती ती?" भाचीने न वळता विचारलं. "जसंच्या तसं सांग."

मावशीने एक्स्चेंजमध्ये परक्यांचे शेकडो निरोप बिनचूक पोचवले होते. हा एकच तिच्यापाशी राहिला होता.

"'आत येत नाही गं,' म्हणाली. 'पोरीला लांबूनच बघू दे.'"