शेजारचा बैल

कडूबा हेड्यानं आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. बैलं घेतली आणि बैलं विकली. पिशोर, कन्नड, सिल्लोड, प्रत्येक बाजारात त्याला नावानं ओळखत, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवताना त्याच्याशी गाठ पडली की भलेभले व्यापारी घाम पुसत घरी जात. पुढं बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, बायको सारजाबाई गेली, आणि चार वर्षांपासून कडूबा शहरात, बजाजनगरला पोराच्या दोन खोल्यांत राहत होता. तिथं घासाघीस करायला एका भाजीवाल्याशिवाय कुणी नव्हतं. तो बिचारा म्हातारा दिसला की गाडा पलीकडच्या गल्लीत न्यायचा.

म्हणून बन्सीनं ज्या दिवशी विचारलं, "आबा, सौदा कसा करायचा असतो?" त्या दिवशी कडूबा दहा वर्षांनी लहान झाला.

बन्सी त्याचा एकुलता एक, दोन वर्षांपूर्वी उमाशी लग्न झालेला. वाळूजच्या कारखान्यात लोखंडाचे साचे करायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ओमानमधल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. मुलाखत झाली होती, पसंतीही झाली होती. आता शनिवारी दुपारी मस्कतचे साहेब लॅपटॉपवर बोलणार होते आणि पगार, राहणं, रजा सगळं त्या एका बोलण्यात ठरणार होतं. कंपनीचा रिवाज असा की दोन वर्षं सलग राबायचं आणि मगच घरी यायचं. मधे यायचं मनात आलं तरी परवानगी मिळायची नाही.

"पगार थोडा कमी दिला तरी चालेल," बन्सी म्हणाला. "पण दरसाल एक महिना घरी यायला पाहिजे. उमा इथं तुमच्यापाशी राहील, मी येत जाईन. एवढं पदरात पडलं की बास."

कडूबाला खरं म्हणजे पोरानं जाऊच नये असं वाटत होतं. फार वाटत होतं. जेवताना घास तोंडातच फिरायचा, इतकं वाटत होतं. पण चाळीस वर्षं ज्यानं मनातलं तोंडावर येऊ न देण्याचीच भाकरी खाल्ली, तो हे बोलणार कसा? "तुझं तू बघ," एवढं म्हणून त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग मात्र शिकवायला बसला.

"हे बघ. ज्या बैलावर मन बसलं ना, त्याच्याकडं बघायचं नाय. चुकून बी नाय. शेजारचा बैल धरायचा. त्याचे दात बघायचे, खुरं बघायची, त्याच्यापायी तासभर भांडायचं. मालक थकला की निघता निघता म्हणायचं, बरं, ह्या दुसऱ्याचं काय? जसं काय मिळाला तर मिळाला, नाय तर नाय."

"मग माझा शेजारचा बैल कोणता?"

कडूबानं हनुवटी खाजवली. "बायकू संगं न्यायची म्हण. नव्या माणसाला ते देत नसत्यात ना?"

"कुणालाच नाही. माझ्या आधी तिघं गेले, तिघंही एकटेच गेले."

"मग तेच धर! क्वार्टर पाहिजे, तिचा व्हिसा पाहिजे. ते नाय म्हणत्याल. म्हणू दे. थकले की मंग रजा माग. लाजंकाजं देत्यात का नाय बघ."

स्वयंपाकघरात उमाची पोळी तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली. "पोरी, करपलं बघ काय तरी," कडूबानं आवाज दिला. "हो मामा," आतून उत्तर आलं, आणि पुन्हा लाटण्याचा आवाज सुरू झाला.

शनिवारी बन्सी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढं बसला. खाली पायजमाच होता, पण तो साहेबांना दिसत नव्हता. कडूबा कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, स्टुलावर बसला. साहेब हिंदी बोलत होते त्यामुळं त्याला सगळं समजत होतं. सिल्लोडच्या बाजारात त्याचा निम्मा धंदा त्याच भाषेत चालायचा.

पगाराचं लवकर जमलं. मग साहेबांनी आपणहून विचारलं, "छुट्टी का क्या सोचा है? कुछ लोग हर साल माँगते हैं."

कडूबानं कान टवकारले. हवा तो बैल मालकानं स्वतःच पुढं आणला होता. पण पोरगा बापाचा चेला निघाला. त्यानं हातानं माशी वारावी तसं केलं. "छुट्टी की कोई बात नहीं सर. मेरा सवाल फॅमिली का है."

शाब्बास रे वाघा, कडूबा मनात म्हणाला. तिकडं साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बन्सी भांडू लागला. साहेब नियम सांगत, बन्सी ऐकत नसे. लग्नाला दोनच वर्षं झालीत म्हणाला. आईवेगळ्या घरात ती आली, तिनं घराला घर केलं म्हणाला. तिच्याशिवाय तिकडच्या खोलीत मी कुलूप उघडून आत कसा जाऊ, म्हणाला. लटकं भांडता भांडता पोराचा आवाज कधी खरा झाला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला मात्र कळलं, आणि तो स्टुलावर जरा सरकून बसला.

अर्ध्या तासानं साहेब म्हणाले, दहा मिनिटं थांबा. दहाची पंधरा झाली. परत आले ते हसत आले. असा साचेवाला आम्हाला सोडायचा नाही, म्हणाले. बायकोचा व्हिसा, दोन खोल्यांचं क्वार्टर, पहिल्या दिवसापासून. वरच्यांना मीच राजी केलं. बदल्यात रजा मात्र नियमाप्रमाणं, दोन वर्षांनी एकदा. "आपने तो खुद कहा, छुट्टी की बात नहीं. साफ बोलनेवाला आदमी मुझे पसंद है."

कडूबानं कपाळाला हात लावला. बाजारात दोघंही खोटं बोलतात, आणि समोरचा खोटं बोलतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून तर सौदा नीट होतो. हा भला माणूस मात्र बोललेला शब्द खरा धरून लिहीत बसला होता.

बन्सीनं आवाज बंद केला आणि मागं वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "आबा, काय करू? अजून वेळ आहे. फॅमिली राहू द्या, दरसाल रजा द्या, असं म्हणतो. म्हणू का?"

म्हण, हा शब्द कडूबाच्या ओठावर आला होता. तेवढ्यात त्याला उमा दिसली. ती दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. ती बन्सीकडं बघत नव्हती, लॅपटॉपकडं बघत नव्हती. भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडं टक लावून बघत होती, जसं काय तिथं फार महत्त्वाचं काही चाललंय.

ही नजर हेड्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षांत पोरीनं कधी साधी साडी मागितली नव्हती. आजही तिनं मागितलं नसतं. बन्सी दरसाल आला असता, पण उरलेले अकरा महिने ती त्या घड्याळाकडं अशीच बघत राहिली असती.

"पक्का कर," कडूबा म्हणाला.

"आबा, पण तुम्ही..."

"मला काय धाड भरलीय? गावी पिशोरला घर हाय. पक्का कर म्हणतो ना!" आणि तो उठून जिन्यात जाऊन बसला. आतून उमाचं हसू ऐकू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकून त्याला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

जायच्या दिवशी सकाळी फकिराची जीप दारात आली. तिथून मुंबई, मुंबईहून विमान. कडूबाला त्या दिवशी भलतीच कामं सुचली. त्यानं टपावरच्या बॅगांची दोरी दोनदा सोडून तीनदा बांधली. फकिराचे टायर गुळगुळीत आहेत म्हणून त्याच्याशी भांडला. फकिरा पिशोरचाच, म्हाताऱ्याला ओळखून होता. तरी घाई आहे, घाई आहे म्हणत हॉर्न वाजवत राहिला. उमा पाया पडली. "मामा, लसणाची चटणी डब्यात आहे. जेवत जा वेळेवर," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हां हां," कडूबा टायरला म्हणाला. बन्सी पाया पडला तेव्हा त्यानं आशीर्वाद दिला तो दोरीच्या गाठीकडं बघून.

बन्सी जीपमध्ये बसला आणि पुन्हा खाली उतरला. बाप मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"आबा, टायर चांगलेत."

"बघू दे की मला."

बन्सी त्याच्याशेजारी मातीतच बसला. बापाच्या खांद्यावरचं उपरणं त्यानं ओढून घेतलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि खाली बापाचा हात शोधला. "बोला आबा. तुमचा भाव सांगा."

कडूबाला बोटं दाबता येईनात. एक नाही, दोन नाही. त्यानं पोराचा अख्खा हातच धरला.

"इकडं बघा ना," बन्सी म्हणाला.

महिनाभरात पहिल्यांदा कडूबानं मान वर करून पोराच्या तोंडाकडं बघितलं. मग त्याला राहवलं नाही. "जाऊ नको म्हणायचं व्हतं रं मला."

"मग म्हणायचं ना, आबा," बन्सी म्हणाला. "मी तर वाट बघत होतो."

उपरण्याखालचा हात कुणीच सोडवून घेतला नाही. फकिरानं एकदा आरशात बघितलं आणि जीप बंद केली.