धाब्यावरची माती

आमच्या घराचं दार कधी सरळ उघडायचं नाही. चौकटीत अडकून बसायचं. मग लाथ, आणि ते काम माझं. माय म्हणायची, लाकूड फुगलं. भर उन्हाळ्यात लाकूड कसं फुगतं, असं विचारलं की म्हणायची, "आठवीमा शाळा सोडी दिन्ही, आते आमले शिकाडू नको."

गावात बठ्ठी, म्हणजे सगळीच, घरं धाब्याची. वर लाकडं, लाकडांवर तुराट्या, तुराट्यांवर खारी माती. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात सगळे नवी माती टाकतात. जुनी कोणीच काढत नाही. माझ्या बापाचं, आबाचं धाबं तर नावाजलेलं. थेंब आत येत नाही. आबाला त्याचा भारी माज.

किल्लारीला भूकंप झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरपंच लीलाधरनानांनी ग्रामसभा घेतली. म्हणाले, "तिकडे डोक्यावरची मातीच अंगावर आली. आपल्याकडे तेच आहे. यंदा देवळाचा सभामंडप बांधायचं राहू द्या. पंचायतीचं काम एकच, धाबे हलके करायचे. वीतभर माती ठेवायची, बाकीची शाळेपुढच्या खड्ड्यात."

शेजारचा झिपरूकाका ओरडला, "नाना, भूकंप उना किल्लारीले, न माती आमनी काढतस!"

सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त. पहिलं घर कोणाचं, असं नानांनी विचारलं तर जो तो खाली वाकून चपला शोधायला लागला.

माझं डोकंच फिरलं. कारण ताई बाळंतपणाला येणार होती, आणि तिची खाट मधल्या तुळईखाली टाकायची होती. त्या तुळईला कंदील टांगलेला. आधी मी त्याच्याखालून जायची, आता तो कपाळाला लागतो. माय म्हणते मी वाढले. माझी उंची दोन वर्षांपासून तिथंच आहे. तुळई खाली आलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नवी माती आणायला गाडी घेऊन गेला. मी कुदळ घेऊन धाब्यावर चढले. खणायचं आणि टोपल्यानं खाली फेकायचं. आबा भरलेली गाडी घेऊन आला, तेव्हा अंगणात ढीग झाला होता.

"कोके! काय करी राह्यनी वं?"

"दिखत नही का? माती फेकस."

"खाले उतर! पाऊस उना तं?"

"पाऊस उना तं आंग ओलं व्हई. धाबं खाले उनं तं ताई कोठे जाई?"

आबा शिडीनं वर आला. वाटलं, आता थोबाडीत बसते. पण त्यानं मी खणलेल्या खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला, तरी तुराट्या लागेनात. थरावर थर, पांढरा, पिवळट, परत पांढरा. आबा बोटानं ते चाचपत बसला.

"हाई बठ्ठी आपले डोकावर व्हती?" एकदम हळू बोलला. मग माझ्या हातातली कुदळ ओढून एक घाव घालून दाखवला. "आडवी मार. नही तं तुराट्या फाटतीन. आणि पाणी जावाले ढाळ मी देसू, तुले नही जमाव."

दुपारपर्यंत गल्ली जमली. झिपरूकाका खालून आबाला म्हणाला, "काय भिकन, पोरनं ऐकस का आते?"

"ऐकत नही. बोलू नको, टोपलं धर."

तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला. पाठोपाठ माय ओरडली. आम्ही सगळे पळालो. मायला काही झालं नव्हतं. तिनं सवयीनं दाराला खांदा दिला होता आणि दार सरळ भिंतीवर जाऊन आदळलं होतं.

आबानं दार लावलं. उघडलं. परत लावलं. खाली जरा घासलं, पण लागलं. सगळे वर तुळईकडे बघायला लागले. झिपरूकाका आपल्या घराकडे गेला. थोड्या वेळानं त्याच्या दाराचा करकर आवाज आला, मग त्याच्या शिव्या.

संध्याकाळी आबा नानांकडे गेला. "पहिलं घर मन्हं लिखी ल्या. दुसरं झिपरूनं."

ताई आली त्या दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन आले. सवयीनं दाराला लाथ घातली आणि कळशीसकट आत खाटेपाशी तोंडावर पडले. खाटेवर बसलेली ताई पोट धरून हसायला लागली. मी चिडून ताडकन उठले.

कंदील कपाळाला लागला नाही.