नववा ठोका

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पूर्व पाड्याची होडी समुद्रात पालथी झाली. शेजारची पश्चिम पाड्याची होडीही त्याच क्षणी पालथी झाली. बंदराच्या भिंतीवर उभ्या असलेल्या अख्ख्या गावानं टाळ्या पिटल्या. आमच्याकडे ओकिनावात शर्यतच तशी असते. तरंगत्या बोयापर्यंत वल्हवत जायचं, घंटा वाजली की आपली होडी आपणच पालथी घालायची, मग ती सुलटी करून, पाणी उपसून किनारा गाठायचा. समुद्रानं उलटवलं तरी आम्ही घरी येतो, हे पाचव्या चांद्रमासाच्या चौथ्या दिवशी देवाला दाखवून द्यायचं.

यंदा नवं एकच होतं. पूर्व पाड्याच्या होडीवर तांडेल म्हणून, सुकाणूवर, बाई बसली होती. शिमाबुकुरो तोमिको, वय अडुसष्ट.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमेदीची वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी शाळा बंद झाली आणि तोमिकोचं उठणं-बसणंच बिघडलं. संध्याकाळी उशी ओबाच्या, म्हणजे उशी आजीच्या, ओसरीवर चहाला बायका जमतात, तिथं एकदा इकिगाईचा, जगण्याच्या कारणाचा, विषय निघाला. सकाळी तू कशासाठी उठतेस, एवढाच प्रश्न. चौऱ्याण्णव वर्षांची उशी ओबा म्हणाली, "शेजारीण माझ्याआधी उठून अंगण झाडते की काय, या धास्तीनं." दुसरीनं आपल्या कारल्यांचं नाव घेतलं, तिसरीनं पणतवंडाचं. तोमिकोची पाळी आली तेव्हा ती कप विसळायला आत गेली.

मार्चमध्ये बायकांच्या सरावात होडी चुकून उलटली. बाकीच्या किंचाळत पोहत सुटल्या. तोमिको होडीखालच्या काळोखात, तिथं अडकलेल्या हवेत डोकं ठेवून थांबली, सगळ्यांना हाका मारल्या, एकीचा अडकलेला पाय सोडवला आणि हसत वर आली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती बंदरावर हजर. गावाचा ओजी, म्हणजे आजोबा, जुना तांडेल कामेजिरो भिंतीवर गुडघे चोळत बसला होता.

"ओजी, मला तांडेलकी शिकवा."

"या वयात?"

"तुमच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे मी."

त्यानं भिंतीवरूनच आरडाओरडा करून तिला शिकवलं. पाड्याच्या बैठकीत मात्र वाद झाला. बर्फाच्या कारखान्याचा तोगुची मासानोरी, चाळिशीचा दणकट गडी, त्याच जागेवर डोळा ठेवून होता. शेवटी ठरलं ते असं: शर्यतीत तोमिको बसेल, होडी जिंकली तर जागा तिची, हरली तर मासानोरीची. आणि मासानोरी तिच्याच होडीत पहिलं वल्हं मारणार, कारण त्याच्यासारखा हात पाड्यात दुसरा नाही.

"ओबा, मी जोर लावला तर माझंच नुकसान," तो सरावात म्हणायचा.

"मग लावू नकोस. तुझी आई भिंतीवरून बघतेच आहे," तोमिको म्हणायची.

आता होडी पालथी होती. पूर्व पाड्याची एक जुनी रीत आहे. होडीखाली गेलेल्या प्रत्येक वल्हेकऱ्यानं आतून फळीवर मूठ हाणायची. तांडेल बाहेरून तळाला कान लावतो आणि सगळे ठोके ऐकल्यावरच होडी सुलटी करायचा हुकूम देतो. घाईत होडीचा काठ डोक्यात बसून माणसं गेलेली आहेत. पश्चिम पाड्यानं ही रीत केव्हाच सोडली.

तोमिकोनं कान लावला. नऊ वल्हेकऱ्यांचे आठ ठोके आले. नववा आला नाही.

पश्चिमवाल्यांची होडी सुलटी झाली. त्यांचं उपसणंही सुरू झालं.

"सुलटी कर ना! कशाची वाट बघतेस?" भिंतीवरून आरोळ्या उठल्या.

"स्वयंपाक वाटला का तुला, शिजेपर्यंत थांबायला?"

तोमिको हलली नाही. तिनं तळावर तीनदा थाप मारली, पुन्हा कान लावला. आठच. पहिल्या वल्ह्याच्या जागेवरून ठोका नव्हता. मासानोरी नव्हता. मग श्वास भरून ती स्वतः खाली गेली. 

ती वर आली तेव्हा सात-आठ हातांवर मासानोरीचं डोकंही वर आलं. त्याच्या दातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला पाणी उपसायचं लाकडी भांडं.

"वाहून चाललं होतं!" तो ओरडला.

"गाढवा, भांडं गेलं तर हातांनी उपसू! तू गेलास तर तुझ्या आईला काय सांगू? ये, ठोका मार आधी!"

त्यानं पोहत येऊन बाहेरूनच फळीवर मूठ हाणली. "घ्या!"

"सुलटी करा!"

पूर्व पाड्याची होडी तिसऱ्या झटक्यात सुलटी झाली. तोमिकोनं होडीची नाळ, पुढचं टोक, लाटेला लावून धरली, लाटेचाच हिसका देऊन निम्मं पाणी मागून सांडवलं, उरलेलं मासानोरीनं त्या भांड्यानं असं उपसलं की मागे बसलेल्यांच्या तोंडावर धारा बसत होत्या. मग वल्ही पडली. पश्चिमवाल्यांची होडी अजून पाण्यानं जड होती. त्यांनी उपसण्यात घाई केली होती. अंतर तुटायला लागलं. भिंतीवर कामेजिरो दुखऱ्या गुडघ्यांसकट उभा राहून काठी हवेत फिरवत होता. उशी ओबा खुर्चीवर चढली होती आणि दोघी तिला खाली ओढत होत्या. तोमिको सुकाणूचं वल्हं काखेत दाबून ठेका देत होती, आवाज फाटला होता तरी देत होती. हातभर अंतरानं पूर्व पाड्यानं किनाऱ्यावरचा झेंडा धरला. ते सगळ्यांनी पाहिलं, पश्चिमवाल्यांनीही.

पण त्यांनी हरकत घेतली. नियम असा की होडी पालथी असताना होडी सोडून जाणारा गडी बाद, आणि त्याच्यासकट होडी बाद. पूर्वेकडचे म्हणाले, भांडं होडीचंच आहे, भांड्यामागे गेला तो होडीसोबतच होता. कोणी तरी हळूच म्हणालं की मासानोरीनं हे मुद्दाम केलं, हरल्यावर जागा त्याचीच होती. त्याच्या आईनं त्या माणसाच्या अंगावर छत्री उगारली.

शर्यतीचे तिन्ही पंच तंबूत बसले. दुपारी दोनला त्यांनी ठरवलं की भांड्याची दोरी किती लांब आहे, होडीपासून त्याच्यापर्यंत पोचत होती का, ते होडीवर बघावं आणि मासानोरीला चार प्रश्न विचारावेत. निरोप घेऊन माणूस किनाऱ्यावर गेला. तिथं होडी नव्हती. मासानोरी नव्हता. बाकीचे वल्हेकरी नव्हते. तोमिकोही नव्हती.

कामेजिरोनं काठी समुद्राकडे रोखली. "ती म्हणाली, सुलटी करायला फार वेळ लागला. वाऱ्याची बाजू चुकली का ते बघायचंय."

"निकाल लागायचाय, ओजी! जागेचा प्रश्न आहे!"

"मी सांगितलं तिला. म्हणाली, लागू दे, ऐकते आल्यावर."

बोयापाशी एक पालथी होडी दिसत होती. तिच्या तळाला कान लावून कोणी तरी पाण्यात उभं तरंगत होतं. अडीच वाजेपर्यंत पंच तंबूतच होते आणि होडी परत आलेली नव्हती.