हरवलेल्या पूनमचा नंबर

परतूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून भुजंगरावांचा जुन्या सहकाऱ्यांशी ईमेलवर रोजचा राबता होता. आलेली मेल पुढं धाडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागं त्यांनी धाडलेल्या भूकंपाच्या खोट्या इशाऱ्यानं निम्मी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपली होती. तेव्हा सुनेनं, दैवशालानं, त्यांच्याकडून शब्द घेतला : "मामा, आधी मला दाखवायचं, मंग पाठवायचं."

एका रविवारी सकाळी त्यांनी मोठ्यानं हाक मारली. "दैवशाला, जल्दी ये!"

पिठाच्या हातानंच ती आली. कॉम्प्युटरवर एका लहान मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, तरी खुदकन हसणारी. खाली लिहिलं होतं : 'आमची पूनम यात्रेत हरवली आहे. आई जेवत नाही. सर्वांना पाठवा.' आणि एक मोबाइल नंबर.

"ह्याच्यात तारीख न्हाई, गाव न्हाई," दैवशाला म्हणाली. "थांबा, फोन लावू."

"लेकरू हरवलंय आन तू चौकशी करून राह्यली?" भुजंगराव म्हणाले.

"सापडलं असंल तर मायबापाला उगं किती फोन जातील, मामा?"

तिनं हात पुसले आणि स्पीकरवर फोन लावला. पलीकडून आधी हलगीचा आवाज आला, मग बायकांची गाणी, मग एका तरुण मुलीचं "हॅलो?"

"ताई, पूनम हरवल्याची मेल आली. सापडली का वो ती?"

पलीकडून हसण्याचा नुसता धबधबा. "अव्हो, मीच पूनम! आज हळद हाये माझी!"

भुजंगरावांनी पुन्हा त्या दोन वेण्यांच्या फोटोकडं पाहिलं. तोवर पूनमच्या आईनं, सगुणाबाईनं, फोन घेतला होता. त्या अंकुशनगरच्या; दैवशालानंही आपण परतूरचे असल्याचं सांगितलं. पूनम लहानपणी यात्रेत हरवली आणि त्याच संध्याकाळी सापडली. मेल मात्र तेव्हापासून फिरतच होती.

"कुठून कुठून फोन येतात. भाषा कळत न्हाई, पण काळजी कळती," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हणून नंबर बदलला न्हाई म्या. आता तुम्ही तर जवळचेच. उद्या लग्नाला या बराबर!"

"येतो! बिलकुल येतो!" भुजंगराव सुनेच्या आधी ओरडले.

मग त्यांनी सगळ्यांना लिहिलं : 'पूनम सुखरूप आहे. उद्या तिचं लग्न आहे. जुनी मेल पुढं पाठवू नये.' दैवशालानं वाचून मान हलवली, तेव्हाच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अंकुशनगरच्या मांडवात नवरी त्यांच्या पाया पडली. "आजोबा, मी हरवले न्हवते," ती हळूच म्हणाली. "यात्रेतल्या पाळण्यावाल्यानं फुकट बसू दिल्तं, मंग उतरते कशाला!"

भुजंगराव पोट धरून हसत असतानाच मांडवाच्या दाराशी त्यांना दोन ओळखीचे फेटे दिसले. त्यांचे जुने सहकारी, कचरू गुरुजी आणि सर्जेराव, आहेराची पिशवी सावरत आत येत होते.

"तुम्ही इथं कसे?"

"तुझी मेल आली," कचरू गुरुजी म्हणाले. "तुझ्यावर भरवसा कोण ठेवणार? आधी जुन्या मेलमधल्या नंबरवर फोन करून खात्री केली. मंग बाईनं आम्हालाबी आवतन दिलं."

भुजंगरावांनी दोघांच्या खांद्यावर हात टाकले आणि त्यांना पंगतीकडं ओढत नेलं. बुंदी वाढायला सुरुवात झाली होती.