तव्याखालचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. मला कुणी ठोकून घडवले नाही. वितळलेला लालभडक रस वाळूच्या साच्यात शिरला, निवला, आणि माझा काठ, माझे पोट, माझे दोन्ही कान एकाच वेळी जन्माला आले. ती धग मला अजून आठवते.

उत्तनजवळच्या चौक गावात मॅबेल लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या सासूने मला तिच्या हाती दिले. चाळीस वर्षे मी तिच्या घरी तापलो, आधी चुलीवर आणि मग गॅसवर. सकाळी तांदळाच्या पिठाचे पोळे, दुपारी सुके बोंबील. तिचा नवरा मॅन्युएल बोटीवरून परतला की हातपाय धुण्याआधी माझ्याकडे डोकावायचा. मॅबेलने मला कधी साबण लावला नाही. मिठाने घासायची, आणि अर्धा कांदा तेलात बुडवून माझ्यावरून फिरवायची. शेजारणी म्हणत, "मॅबेलचा पोळा कधी चिकटत न्हाय." तेव्हा मला फार बरे वाटायचे.

पुढे मॅन्युएल वारला. घरात नवा ओटा आला, काचेची शेगडी आली. माझ्या वजनाने काच फुटेल म्हणून सून क्रिस्टलने मला मागच्या अंगणात ठेवले. तिथे मी दोन पावसाळे काढले. खाऱ्या वाऱ्याने माझ्या अंगावर गंजाचा जाड थर चढला. मग मॅबेल बहिणीकडे वसईला गेली असताना क्रिस्टलने अंगण साफ केले आणि मला भंगाराच्या हातगाडीवर चढवले. तिच्या मनात वाईट काही नव्हते. तिला मी नुसते लोखंड दिसलो.

हातगाडीवरून टेम्पोत आणि टेम्पोतून मी काशीगावच्या रविवारच्या जुन्या बाजारात आलो. तिथे उत्तम नावाचा माणूस जुनी भांडी विकतो. त्याच्यापाशी माझ्यासारख्या पंचवीस-तीस तव्यांचा ढीग होता. सगळे सारखेच तांबूस, सारखेच मळलेले. जे विकले जात नाही ते बारा वाजता टेम्पोत चढते आणि वितळवायला भट्टीत जाते, हे मी उत्तमच्या बोलण्यातून ऐकले. मित्रांनो, एकदा वितळलेल्याला दुसऱ्या भट्टीची भीती जास्त वाटते.

उत्तमच्या शेजारी एका स्टुलावर पंढरीनाथ नावाचे वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांची मुलगी रुचिता दर रविवारी त्यांना पेणकरपाड्याहून घेऊन यायची, इथे बसवायची आणि बाजार करायला जायची. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली, एवढेच त्यांना कळायचे. पण आयुष्याची तीस वर्षे त्यांनी लोखंड ओतण्याच्या कारखान्यात साचे केले होते.

अकराच्या सुमारास एक ओळखीचा आवाज कानावर आला.

"भाऊ, चौकवरनं एक तवा आलाय का? बिडाचा, दोन कानांचा."

मॅबेल आली होती. मागे क्रिस्टल, खाली मान घालून. भंगारवाल्याला गाठून, विचारत विचारत त्या दोघी इथवर पोहोचल्या होत्या.

"मावशी, इथे सगळे दोन कानांचेच आहेत," उत्तम म्हणाला. "देखो, तुम्हीच ओळखा. पण लवकर बघा, बारा वाजता टेम्पो येतोय."

मॅबेल एकेक तवा उचलून पाहू लागली. मलाही तिने उचलले. तिचे हात मी ओळखले. तिने मात्र मला खाली ठेवले आणि पुढचा तवा घेतला. त्या क्षणी मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. सगळा ढीग पाहून झाल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली.

"चाळीस वरसं हाताळलाय, आन आता वळखता येत न्हाय," ती म्हणाली.

"मम्मी, माझंच चुकलं," क्रिस्टल म्हणाली. "मला वाटलं, नुसतं लोखंड आहे."

तेव्हा पंढरीनाथांनी हात पुढे केला. "बाई, एकेक तवा माझ्याकडे द्या बघू."

क्रिस्टल देत गेली. ते प्रत्येक तवा हातावर तोलत, कडेवरून बोटे फिरवत, बोटाच्या पेराने वाजवत.

"हा पत्र्याचा. पातळ आहे, दाबून काढलेला. याचे कान नंतर जोडलेत, रिव्हेट लागतंय हाताला. बिडाचे कान अंगातूनच निघतात. हा आहे बिडाचा, पण तडकलाय. चांगलं बीड घुमतं, हा बद्द वाजतोय."

शेवटी सात तवे उरले. त्यात मी होतो. साडेअकरा वाजून गेले होते.

"बाई, आता तुम्ही सांगा," पंढरीनाथ म्हणाले. "तुमच्या तव्यावर पोळा सगळीकडे सारखा लाल व्हायचा का?"

मॅबेलने क्षणभर विचार केला. "न्हाय. एका कानापाशी रुपयाएवढी जागा पांढरीच राहायची. पोरं तिला चांद म्हणायची. कितीबी फिरवला तवा, तरी चांद पडायचाच."

"मग त्या जागी लोखंड जाड असणार."

त्यांनी सातही तवे पालथे करून मांडायला सांगितले. मी पाचवा होतो. त्यांची बोटे माझ्या पाठीवर टेकली. गंजाखालचा वाळूचा खरबरीतपणा त्यांनी चाचपला. रस जिथून आत शिरला होता तो जुना वण त्यांना सापडला. मग डाव्या कानाजवळ येऊन त्यांची बोटे थांबली. त्याच जागेवर ती पुन्हा पुन्हा फिरली.

"काय झालं, काका?" उत्तमने विचारले.

"हा अंगठा आहे," पंढरीनाथ हळू आवाजात म्हणाले. "साचा करताना कुणाचा तरी अंगठा वाळूत रुतलाय. वाळूत खळगा पडला की लोखंडात उंचवटा येतो. असा साचा मोडून पुन्हा करायचा असतो. ह्यानं का नाही मोडला, कुणास ठाऊक. घाईत असेल. दमला असेल."

त्यांनी मॅबेलचा हात धरून तिचा अंगठा त्या जागेवर ठेवला. मॅबेल म्हणाली, "कोण होता, कुठला होता, माहीत न्हाय. आन चाळीस वरसं आम्ही ह्याचा चांद खाल्ला."

क्रिस्टलने अंगठा ठेवला. उत्तमनेही ठेवला, आणि नकळत पायातली चप्पल बाजूला सारली. मी तर थक्क झालो होतो. एवढी वर्षे माझ्या पाठीवर एका माणसाचा स्पर्श होता, आणि तो मला दाखवला, ज्याला स्वतःला दिसत नाही अशा माणसाने.

इतक्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. उत्तमने पत्र्याचे आणि तडकलेले तवे चढवू दिले. उरलेल्या सहांवर मात्र त्याने हात ठेवला. "हे राहू दे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आणि काका, पुढच्या रविवारपासून माल चढवायच्या आधी एकदा तुमचा हात फिरू दे."

बसमध्ये मी क्रिस्टलच्या मांडीवर होतो. तिच्या नव्या ओढणीला माझा गंज लागला, तिने झटकला नाही. पुढचे तीन दिवस तिनेच मला मीठ लावून घासले, तेल पाजले, मंद आचेवर तापवले. मॅबेल शेजारी बसून सांगत होती. पहिला पोळा चिकटला. दुसराही फाटला. क्रिस्टल वैतागली, तेव्हा मॅबेल म्हणाली, "थांब थोडी. रुसलाय तो." पाचवा पोळा अलगद सुटला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा ती पालथी करून पाहा. डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवा. गंज मिठाने निघतो, पण भट्टीत गेलेले परत येत नाही. माझ्यासोबतचे ते सहा तवे अजून काशीगावात उत्तमकडे आहेत. त्यांना शोधत अजून कुणी आलेले नाही. त्यातला एखादा तुमच्याही घरचा असेल.