सातव्या प्रश्नाचं उत्तर

आमचा डेटाबेस, म्हणजे नोंदी ठेवायचा प्रोग्राम, फुकट आहे. कुणीही उतरवून घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. आम्ही दहा-बारा जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो चालता ठेवतो, आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं काम गेली चौदा वर्षं माझ्या गळ्यात आहे. गटात मला मास्तरीणबाई म्हणतात. कौतुकानं म्हणतात असं मी धरून चालते.

प्रश्न तरी काय! फुकट म्हणजे खरंच फुकट का? हो. पुढे कधी पैसे मागाल का? नाही हो. धंद्यात वापरला तर चालेल का? खुशाल वापरा. बिघडला तर फोन कुणाला करू? फोनबिन नाही, इथे लिहा. हेच सगळं, आलटून पालटून, दर आठवड्याला. शेवटी वैतागून मी नेहमीचे एकवीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका पानावर लिहून टाकली. तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी नुसता आकडा पाठवायचे. चार. अकरा. सात.

"अगं, माणसं प्रश्न विचारतात आणि तू त्यांना आकडे काय फेकून मारतेस?" ताई म्हणायची. ती माझी थोरली बहीण, आम्ही दोघी एकत्र राहतो. "दारात कुणी पत्ता विचारायला आलं तर त्यालाही असंच हाकलशील."

"पत्ता दारावर लिहिलेला असताना विचारत असेल, तर हाकलीनच," मी म्हणायचे.

आता सातवा प्रश्न. डेटा उघडला की आमचा प्रोग्राम त्याच्या शेजारी एक छोटी फाइल ठेवतो, आतून कडी लावल्यासारखी, म्हणजे त्याच वेळी दुसरं कुणी आत शिरू नये. वीज गेली, मशीन बंद पडलं, की ती फाइल तशीच मागे राहते आणि डेटाबेस उघडेनासा होतो. उत्तर सोपं आहे. फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. शंभरात नव्व्याण्णव वेळा हे बरोबरच असतं.

एका सकाळी कुणा कारागिराचं पत्र आलं. डेटाबेस उघडत नाही, कडीची फाइल सापडली असं म्हणतो. मी 'सात' लिहिलं आणि चहा टाकायला उठले.

तीन दिवसांनी त्याचं दुसरं पत्र. "बाई, सात केलं. आता उघडतो, पण नोंदी एकमेकींत मिसळल्यात. माझं काय चुकलं, सांगाल का?"

यानं काय दिवे लावलेत ते बघावं म्हणून मी त्याचं पहिलं पत्र पुन्हा उघडलं. चारच ओळी होत्या. पहिली फाइलबद्दल. दुसरी: मी कृत्रिम पाय बनवतो, नऊशे माणसांची मापं यात आहेत. तिसरी: वरच्या खोलीत मुलीच्या लॅपटॉपवर हाच डेटा उघडा आहे, त्याचा काही संबंध असेल का? चौथी: घाई नाही, सावकाश सांगा.

कडी मागे राहिलेली नव्हतीच, आत खरोखर कुणीतरी होतं, आणि कडी काढल्यावर दोन्हीकडून एकदम लिहिलं गेलं. त्यानं नेमकं तेच विचारलं होतं आणि मी पहिल्या ओळीवरच आकडा ठोकून मोकळी झाले होते.

गटाच्या म्होरक्याला कळवलं, तर तो म्हणाला, "वापराच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय, कसलीही हमी नाही. तू माफीबिफी लेखी देऊ नकोस, उगाच अंगाशी येईल."

"माझी मी बघते," मी म्हटलं. ताईनं माझी बॅग भरायला घेतली.

बसनं अडीच तास. कारागिराचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एका भिंतीवर पावलंच पावलं टांगलेली, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. कारागीर साठीचा, भलताच सज्जन. मी तीन दिवस त्याच्या मशीनपुढे बसून होते. जुन्या प्रतीवरून आणि मोडक्या फाइलींमधून एकेक माप वेचून काढलं. नऊशेतली बारा सोडून सगळी हाती लागली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

"अकरा जणांना परत बोलावून मापं घेईन," कारागीर म्हणाला. "बाराव्याची मात्र पंचाईत आहे."

बारावा एक बस ड्रायव्हर. एक पाय गेला, त्याची जखम भरायच्या आत दुसराही मांडीतून काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कारागिरानं इस्पितळात जाऊन उरलेल्या पायाचं माप घेतलं होतं, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. त्याच मापावर दोन्ही नवे पाय व्हायचे होते. माप कॉम्प्युटरमध्ये चढवलं की कागद फाडायचा, ही त्याची पद्धत. आता कागद नाही, नोंद नाही आणि मोजायला पायही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चाकाच्या खुर्चीत बसून आला, मागे बायको. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत त्याची जुनी पँट. "वीस वर्षं ड्रायव्हिंग केलंय यांनी," ती म्हणाली. "गुडघ्यावर कशी फुगलीये बघा."

कारागिरानं पँट टेबलावर अंथरली. फुगवट्याच्या मधोमध खडूनं खूण केली, तिथून खालच्या दुमडीपर्यंत टेप लावली, बूट किती उंच होते ते विचारलं. "बोटभर इकडेतिकडे होईल," तो म्हणाला. "वापरून बघू, मग कमीजास्त करू."

"चुकायचंच असेल तर दोन बोटं वाढवा की," ड्रायव्हर म्हणाला. "बायको बुटका म्हणायची ती तरी गप्प बसेल."

"गप्प बसा हो," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला वळली.

मला राहवेना. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. कारागिराचं काहीही चुकलेलं नाही, पत्र मला आलं होतं, त्यानं बरोबर तेच विचारलं होतं, मी पुढचं वाचलंच नाही.

त्याची थट्टा थांबली.

"न वाचलेल्या ओळी किती होत्या?"

"तीन."

"तीन ओळी वाचायला किती वेळ लागतो?"

चौदा वर्षं मी लोकांना उत्तरं देत आले.

"दहा सेकंद," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि टेबलावरच्या पँटकडे बघत बसला.